पावातला खड्डा

मशीन पुण्याहून आलं ते ताईच्या गाडीत, मागच्या सीटवर, एखाद्या माणसाला बसवावं तसा पट्टा लावून. ताई म्हणजे बाईंची मुलगी. आणि बाई म्हणजे तुळजापुरात ज्यांच्या घरी मी सहा वर्षं राहते आणि स्वयंपाक करते, त्या. झेडपीच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते. मीही.

मी इथली नाही. माझं गाव पार चंद्रपूरच्या पलीकडं, धानाच्या मुलखात. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. एका नातेवाइकाच्या ओळखीनं इथल्या एका लॉजच्या स्वयंपाकघरात आले, यात्रेकरूंसाठी पोळ्या लाटल्या. लॉज बंद पडलं तेव्हा गावी परत जावं असं माझं तिकडं काही उरलं नव्हतं. बाईंनी विचारलं, "वरची खोली रिकामी आहे, राहतीस का?" एवढंच. त्या एका वाक्यावर मी अजून उभी आहे, आणि ते वाक्य कुणी परत घेईल का, ही धास्तीही तेव्हापासूनचीच.

गेल्या वर्षी बाईंचे उरलेसुरले दात काढले. कवळी नीट बसेना, हिरड्या सोलवटायच्या. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून दिली तरी कण कवळीखाली जाऊन टोचायचे. पेज, मऊ भात, वरण यांना त्या वैतागल्या. चार घास खाऊन ताट सरकवायच्या. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. ताई दर रविवारी फोनवर वजन विचारायची आणि मी काट्यावरचा आकडा सांगताना चोरी केल्यासारखी बोलायचे.

एकदा बाई म्हणाल्या, "सोलापूरला डीएडला होते तेव्हा हॉस्टेलच्या मागं भट्टी होती. गरम पाव मिळायचा. तसला असता तर खाल्ला असता बघ." दुकानातल्या पिशवीतल्या पावाचा वास त्यांना सहन होत नसे. हे ताईच्या कानावर गेलं आणि पंधरा दिवसांत ती ब्रेड मशीन घेऊन हजर.

"एक महिना बघते," ती मला ओट्यापाशी म्हणाली. "आई नीट खायला लागली तर ठीक. नाहीतर मी तिला पुण्याला नेणार. इथं कुलूप." ती वाईट बोलली नाही. मुलीनं बोलावं तेच बोलली. कुलपाच्या कोणत्या बाजूला मी असणार, हे तिच्या मनात आलं नसेल, इतकंच.

ती गेल्यावर बाईंनी मशीनचं माहितीपुस्तक उघडलं. सगळं इंग्रजी. त्या एकेक ओळ वाचून मराठीत सांगायच्या, मी वहीत उतरवायचे. आधी पाणी, मग तेल, मीठ, साखर, वर मैदा, आणि मैद्यात खळगा करून त्यात यीस्ट. यीस्टला मीठ लागू द्यायचं नाही.

"का?"

"ते जिवंत असतं. मिठानं मरतं."

पुडीतल्या त्या मोहरीहून बारीक, मातकट दाण्यांकडं मी बघतच राहिले. जिवंत! केकचं सामान विकणाऱ्या दुकानाच्या फळीवर किती महिने गप्प बसून असतील.

आजवर मी पिठात पाणी हाताच्या अंदाजानं घातलं. पुरे झालं की हातच सांगतो. इथं कपावर रेघ, चमच्यावर रेघ. बटण दाबलं तसं भांड्यातलं पातं फिरायला लागलं. झाकणाला काचेची खिडकी होती, मी समोर पाट टाकून बसले. आधी नुसता चिखल, मग बारके बारके गोळे, मग एकदम सगळं एकत्र येऊन कडांवर थडाथड आपटायला लागलं. आणि मग गप्प. आत काय चाललंय कळेना म्हणून मी डब्याला कान लावला.

शेजारच्या काकू दारातून बघत होत्या. त्यांच्याकडं देवीला आलेले यात्रेकरू, म्हणजे त्यांचे यजमान, उतरतात, नैवेद्याच्या पुरणपोळ्यांची परातभर कणीक त्या एकट्या मळतात.

"काय गं, नाडी बघायलीस का त्याची?"

"काकू, फुगतंय ते."

"फुगू दे की. कणीक बी हेच मळणार म्हन्ल्यावर तू काय करणार? उदबत्ती लावणार का त्याला?"

तीन तासांनी पाव निघाला. कडेनं उंच आणि मधोमध खड्डा. भांड्याला चिकटून बसलेला, उलथन्यानं खरवडून काढावा लागला. आतून ओला, गिच्च. बाईंनी एक तुकडा तोंडात घोळवला आणि हळूच ताटाच्या कडेला ठेवला. "पहिलाच आहे," त्या म्हणाल्या.

दुसराही तसाच. तिसराही.

मग त्यांच्यातली मुख्याध्यापिका जागी झाली. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कुणामुळं काय झालं ते कळत नसतंय." पाणी दोन चमचे कमी केलं. खड्डा. यीस्ट कमी केलं. खड्डा जरा लहान, पण खड्डाच. मैद्याची पिशवी बदलली. मध्येच लाइट जाऊन येत असेल म्हणून एक दिवस मी पूर्ण तीन तास घड्याळ आणि बल्ब बघत बसले. लाइट हलली नाही, पाव मात्र खचला.

सगळं वहीत लिहीत होते. आणि खरं सांगायचं तर भीती होती तशी मजाही यायला लागली होती. शाळेत प्रयोग फळ्यावर लिहून दिलेला असायचा, आम्ही तो उतरवून घ्यायचो. इथं प्रयोगच माझ्या पुढ्यात होता आणि उत्तर कुणालाच माहीत नव्हतं, बाईंनासुद्धा. सकाळी उठल्यावर पहिला विचार यायचा, आज काय बदलायचं? मग दुसरा विचार यायचा, किती दिवस उरले?

"हा खड्डा पडतो कधी?" बाई विचारायच्या. भाजायला लागायच्या आधी गोळा घुमटासारखा वर आलेला मी रोज बघत होते. म्हणजे त्यानंतरच. "पण कशानं?" ते कळेना. ताटं तशीच परत येत होती.

मग एका सकाळी मशीन चालू असताना नळ आला. आमच्याकडं नळ किती दिवसांनी येईल याचा भरवसा नसतो. आला की हातातलं टाकून धावायचं. हौद, पिंप, घागरी, कळश्या, शेवटी पातेलीसुद्धा भरली. मधे कुणाची तरी पाइप कुणी तरी काढली म्हणून गल्लीत भांडण झालं, ते ऐकण्यात थोडा वेळ गेला. परत आले तर मशीन काम संपवून थांबलं होतं. झाकण उघडलं. पाव पार काचेजवळ आलेला, तांबूस, अखंड.

"बाई!" मी ओरडले ते काकूंच्या घरापर्यंत गेलं.

बाईंनी दोन काप खाल्ले, दुधाची साय लावून. तिसऱ्याला हात घातला आणि थांबल्या. "आता सांग. आज काय वेगळं केलंस?"

"काही नाही. पाणी कालच्याइतकंच."

"आठव. काहीतरी केलं असशील."

"काहीच केलं नाही हो, मी तर इथं नव्हतेच."

आणि बोलता बोलताच मला कळलं.

मळलेला गोळा गुळगुळीत ठेवायचा नाही, त्यावर तीन बोटं दाबायची, हे मला आईनं शिकवलेलं. गोल, गुळगुळीत गोळा पिंडासारखा दिसतो. पिंड ठेवतात मेलेल्या माणसाला. नांदत्या घरात तसा गोळा ठेवला की तो खाणारे येतात, असं आई म्हणायची. बोटं दाबली की ती साधी कणीक होते. लॉजवरच्या बायका दाबायच्या, काकूही दाबतात. मशीनमध्ये गोळा फुगून काचेशी आला की मी झाकण उघडून तीन बोटं दाबायचे आणि झाकण लावायचे. रोज. वहीत पाण्याचे चमचे होते, लाइटची वेळ होती, हे कुठंच नव्हतं. मी ते करते हेच मला माहीत नव्हतं.

मी बाईंना सांगितलं नाही. कोडं सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, तर भीतीच वाटली. घरात रोज थोडं थोडं कमी होत चाललेलं म्हातारं माणूस, आणि त्यांच्याच तोंडात जायचा गोळा मी तसाच गुळगुळीत ठेवू? दुसऱ्या दिवशी ठरवलं, दाबायचं नाही. पाटावर बसले, हात मांडीखाली घेतले. गोळा वर आला, पांढरा, मोठा, एकही रेघ नसलेला. आतल्या खोलीत बाई खोकल्या. माझा हात गेलाच.

पाव खचला. बाईंनी पेजेची वाटी मागितली, तीही अर्धी ठेवली. संध्याकाळी ताईचा फोन आला, रविवारी येते म्हणून.

शनिवारी सकाळी मैदा मोजता मोजता मी सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढला.

"म्हणजे रोज पाव तूच पाडत होतीस."

"हो."

"आणि मी पाणी कमी कर, यीस्ट कमी कर म्हणत बसले. येडीच की मी!" मग माझ्याकडं निरखून बघितलं. "आणि पिंड कुणाचा गं? माझा?"

मी मान खाली घातली.

"अगं, मी अजून बसलीय की हितं! मेल्यावरचं मेल्यावर बघू. जित्तेपणी तरी खाऊ दे मला." त्या बिनदातांचं हसल्या. मला हसू येईना.

"तुम्हाला काही झालं तर?"

"न खाल्ल्यानं होईल, ते तर मला दिसायलंय," त्या म्हणाल्या. "तुझ्या मनाला पटेल तसं कर. मी काही सांगणार न्हाय."

गोळा वर यायची वेळ आली तेव्हा मी स्वयंपाकघरात थांबलेच नाही. मागच्या अंगणात जाऊन घासलेली भांडी परत घासायला घेतली. काकूंनी भिंतीवरून बघितलं. "चकचकीत हायत की, आता काय कातडं काढतीस का त्यांचं?" मी त्यांनाही सांगितलं. वाटलं, आता चेष्टा करतील. त्यांनी हातातलं धुणं तसंच धरून ठेवलं. "मी बी दाबते रोज," त्या म्हणाल्या. "न दाबता राहायचं म्हन्ल्यावर मला बी जमलं नसतं गं." आणि मशीनची शिट्टी होईपर्यंत भिंतीपलीकडं उभ्याच राहिल्या.

भांडं पालथं केलं तसा पाव अलगद सुटून फडक्यावर आला. बाईंनी तो हातात घेऊन फिरवला. बुडाला एक भोक होतं, जिथं पातं असतं तिथं. आधीचे पाव खरवडताना बुडाचे तुकडेच व्हायचे, आणि नळाच्या दिवशीचा कापायच्या घाईत कुणी उलटा करून बघितलाच नव्हता. बाईंनी त्या भोकात आपलं बोट घालून बघितलं. बरोबर गेलं.

"हे घे. या मशीननं पयल्यापासून बोट घालूनच ठेवलंय."

मला बरं वाटलं. पूर्ण विश्वास बसला असं नाही. पण बरं वाटलं.

रविवारी ताईनं आल्या आल्या आईला काट्यावर उभं केलं. आकडा मागच्या वेळचाच होता. वर नाही, खाली नाही. मग बाई जेवायला बसल्या आणि तिच्यासमोर दोन काप खाल्ले, कडा काढून, सायीत बुडवून, बोटं चाटत. ताईनं एक उचलला. मग दुसरा. मग उभ्या उभ्याच तिसरा.

"कमी तरी झालं नाही वजन," ती म्हणाली. "पुण्याचं दिवाळीनंतर बघू."

मी चहा गाळत होते. थोडा बशीत सांडला.

गाडीत बसताना तिनं मला विचारलं, "तुला रोज जमेल ना गं?"

"जमेल," मी म्हटलं.

आतून बाईंचा आवाज आला, "अगं, पाव हाय का अजून, का संपवला हिनं?"