हनुवटीवरचे तीन ठिपके

महेंद्रला खोड एकच, स्वतः पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. म्हणूनच १९९९ साली सावेडीच्या स्टुडिओत पारखायला दोन डिजिटल कॅमेरे आले, तेव्हा मालक माधवराव म्हणाले, "तू सांगशील तोच घेऊ." तीस वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाने हाताखालच्याच्या डोळ्यावर एवढी भिस्त ठेवावी! महेंद्रला उपकार वाटले आणि धाकधूकही.

उन्हात दोन्ही कॅमेरे गुणी. खरी परीक्षा अंधारात, कारण उजेड कमी पडला की चित्रावर लाल-हिरवे दाणे उठतात. दाणे कमी तो कॅमेरा चांगला, असं त्याचं साधं गणित. देवळाली प्रवराहून आलेल्या आईला, भिमाबाईला, त्याने दार लोटून खोलीत बसवलं. बिचारी दोन तास हलली नाही. "पापनी तरी हलवू का रं?" एवढंच मधूनमधून विचारायची.

कॉम्प्युटरवर पाहिलं, तर पहिल्या कॅमेऱ्यात चेहऱ्यावर गोवर उठल्यासारखे दाणे, दुसऱ्यात चेहरा लोण्यासारखा साफ. महेंद्र खूश. आईला बोलावून पहिल्या फोटोतल्या हनुवटीवर बोट ठेवत म्हणाला, "हे बघ, इथं तर तीन दाणे एका ओळीत!"

"आरं मुडद्या, ते माझं गोंदन हाय!" भिमाबाई खळखळून हसली. मग तिने दुसरा फोटो पाहिला आणि तिचं हसू मावळलं. "ह्यात न्हाई ते. माझ्या आयनं मांडीवर डोकं धरून गोंदवून घेतलं हुतं. तिचा फोटू न्हाई कुठं. एवढंच ऱ्हायलंय तिचं."

महेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मापासून समोर असलेली खूण त्याने खोट म्हणून मोजली होती, आणि दुसऱ्या कॅमेऱ्याने दाण्यांबरोबर तीही पुसली होती. आईने हसत चूक दाखवली म्हणून बरं, नाहीतर तो उद्या छाती ठोकून चुकीचा कॅमेरा सांगणार होता.

दुसऱ्या दिवशी त्याने माधवरावांना सगळं सांगितलं, आपली चूकसुद्धा. "दाणे असू द्यात, पहिलाच घ्या."

माधवरावांनी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. "मी इतकी वर्षं निगेटिव्हवर रिटचिंगच्या पेन्सिलीने बायकांची गोंदणं घालवत आलो रे," ते म्हणाले. "आईला माझा नमस्कार सांग." आणि पहिला कॅमेरा त्यांनी ठेवून घेतला.

त्यावरचा पहिला मोठा फोटो भिमाबाईचा निघाला. तिने तो मांडीवर घेतला, हनुवटीवरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "आय, आलीस का गं फोटूत?"