शेजारच्या सासूबाईंचं इंग्रजी

आमच्या फ्रिजचं दार दिसत नाही. डावीकडे आठवड्याच्या भाज्या, उजवीकडे बिलांच्या तारखा, मध्ये मुलीच्या क्लासचं वेळापत्रक, आणि अगदी खाली एक यादी, जिच्यात बाकीच्या याद्या कुठे आहेत ते लिहिलेलं. नवरा म्हणतो, ही वर गेली की चित्रगुप्ताच्या हातातली वही काढून घेईल आणि म्हणेल, द्या इकडे, मी नीट लावून देते.

अशा बाईकडे कोणी आपणहून शिकवणी मागावी, म्हणजे दिवाळीच आली.

आम्ही अमिरातीत खोर फक्कानला राहतो, बंदराच्या गावात. खिडकीतून एका बाजूला डोंगर दिसतो आणि दुसऱ्या बाजूला कंटेनर. नवरा बंदरावर, मी एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात दुपारपर्यंत. समोरच्या फ्लॅटमध्ये बंदरावरचाच एक इटालियन इंजिनिअर. त्याची बायको आयर्लंडची, अर्ध्या तासावरच्या फुजैराला शाळेत शिकवते. त्यांना मुलगा झाला तेव्हा इंजिनिअरची आई इटलीहून आली ती राहिलीच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका संध्याकाळी इंजिनिअरने मला लिफ्टपाशी गाठलं. बायकोची रजा संपत आली होती, शाळा उघडली की तिला कामावर जायचं होतं. बाळाला आपण सांभाळावं अशी आईची फार इच्छा. बायको मात्र पाळणाघर बघत होती. तिचंही चूक नव्हतं. बाळाला ताप आला आणि शाळेतून फोन केला, तर या मला काय सांगणार, असं तिचं म्हणणं. सासूला इंग्रजी येत नाही, सुनेचं इटालियन हॉटेलच्या मेनूकार्डापुढे जात नाही, आणि मुलगा दिवसभर बंदरावर. शाळा उघडेपर्यंत आई रोजच्या इंग्रजीपुरती तयार झाली तर राहील, नाहीतर परत जाईल.

"तुम्ही किती व्यवस्थित आहात," तो म्हणाला. पुढे काही बोलायची गरजच पडली नाही. माझी कामाची पद्धत, म्हणजे पेन आणि पट्टी, घरी पोचायच्या आत डोक्यात तयार होती.

दुसऱ्या दिवसापासून रोज चारला शिकवणी सुरू झाली. सासूबाई साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, हसतमुख. मी त्यांना मावशी म्हणायला लागले, त्या मला "तीचर" म्हणायला लागल्या. माझी पद्धत पक्की होती. आधी नामं, खोलीवार. स्वयंपाकघर, मग बाथरूम, मग बाळाचं कपाट, मग दवाखाना. क्रियापदं दुसऱ्या महिन्यात. पाया भक्कम पाहिजे. ऑफिसातलं लेबल छापायचं मशीन आणून मी त्यांच्या स्वयंपाकघरात हाताला लागेल त्या वस्तूला लेबल चिकटवलं. इंजिनिअरच्या दाढीच्या क्रीमलासुद्धा, ते चुकून ओट्यावर होतं म्हणून.

मावशी हुशार होत्या. फक्त प्रत्येक शब्दाच्या शेवटी त्या एक स्वर आपल्याकडून घालत. फ्रिज्जे, कप्पे, बेड्डे. सोलापूरकडची आमची एक आत्या असंच बोलायची, त्यामुळे मला माहेरी गेल्यासारखं वाटायचं. मी मिक्सी शिकवलं, टिफिन शिकवलं, वाण्याच्या दुकानाला बकाला म्हणतात ते शिकवलं. सोफ्यावर मोबाइल घेऊन लोळणाऱ्या माझ्या मुलीने मान वर न करता सांगितलं, "आई, नोबडी कॉल्स इट अ मिक्सी."

"आपण म्हणतो ना?"

"एक्झॅक्टली," ती म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. अभ्यासक्रम पुढे सरकणं महत्त्वाचं होतं.

नामं संपल्यावर मी स्वतःवर खूश होऊन एक जादा प्रकरण घेतलं: रोजची वाक्यं. पुस्तकातली वाक्यं मला नको होती. खरा माणूस दिवसभरात जे बोलतो तेच शिकवायचं. म्हणून मी एक दिवस माझ्याच बोलण्याकडे कान लावून बसले आणि ऐकू येईल ते टिपत गेले. कुठे निघालात? जेवलात का? आज काय केलं? घरी कधी जाणार? परत कधी येणार? बारीक झालात हो. काल दिसला नाहीत. एसी कमी करा, वारा लागेल. या शेवटच्या वाक्यावर मावशींनी माझा हात धरला. एसीचा वारा बाळाच्या मानेला लागू नये, याबद्दल इटली आणि महाराष्ट्र यांच्यात काडीचाही मतभेद नाही. ते वाक्य त्यांनी पहिल्या झटक्यात पाठ केलं.

मग परीक्षा घेतली. मावशींना घेऊन मी खाली गेले. त्यांनी वॉचमनला विचारलं, "यू ईट?" तो पेशावरचा, उठून उभा राहिला, छातीवर हात ठेवून म्हणाला, खाल्लं, तुम्ही खाल्लं? बकाल्यातल्या केरळच्या चाचांना विचारलं, घरी कधी जाणार. चाचांनी ओणमपासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं सांगितलं आणि वर मावशींच्या हातात दोन केळी ठेवली. बाईंडरकडून आलेल्या नव्या पुस्तकासारखी मी त्यांना मिरवत वर आणली. दहापैकी दहा.

परीक्षकांची निवड चुकली होती, हे माझ्या लक्षात यायला आठवडा लागला.

शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. सून एका दुपारी आमच्या दारात आली. एरवी ती हाय म्हणून निघून जायची. आज आत आली, पण बसली नाही. डोळ्यांखाली काळं झालेलं. मी चहा विचारला, तिने नको म्हटलं.

"मी कचरा टाकायला निघाले तरी त्या विचारतात, कुठे चाललीस," ती म्हणाली. "कचरा खाली सोडायचं दार आमच्या दारापासून तीन पावलांवर आहे. मग विचारतात, परत कधी येणार. काय खाल्लंस, काय केलंस. सकाळी मला म्हणाल्या, तू अशक्त दिसतेस. त्या माझ्यावर लक्ष ठेवून आहेत. आधी कळत नव्हतं तेच बरं होतं."

पाळणाघरात उद्या पैसे भरते आणि नवऱ्याला तिकीट काढायला सांगते, असं ती म्हणाली. तिला मला फक्त एवढंच विचारायचं होतं, की त्या तुमच्याशीही असंच बोलतात का.

 एकेक वाक्य माझं होतं, क्रमसुद्धा माझाच. बिचाऱ्या मावशी. नातवाजवळ राहता यावं म्हणून इंग्रजी शिकायला आल्या, आणि मी त्यांना इंग्रजीतून सासू करून सोडलं.

"ही वाक्यं त्यांची नाहीत, माझी आहेत," मी म्हणाले. "आमच्यात हे हॅलोसारखं म्हणतात. कोणी उत्तराची वाट बघत नाही."

"मग उत्तर काय देता?"

"जरा इथेच."

"कचऱ्यासाठी?"

"कशासाठीही. अमेरिकेला निघालो असलो तरी."

तिच्या ओठांचा एक कोपरा हलला, पण तेवढाच. मग ती म्हणाली, "ठीक आहे. पण मला झोप मिळत नाही. घरात सगळे मला प्रश्न विचारतात. नवरा फोनवर, डॉक्टर, माझी आई, आणि आता या. मला आणखी एक प्रश्न नको आहे."

ती गेल्यावर मी काय केलं असेल ते सांगायला नको. नवी यादी केली. दोन रकाने: म्हणायचं आणि नाही म्हणायचं. दुसरा रकाना भराभर भरला. पहिल्यात अडकले. गोरे लोक हवेबद्दल बोलतात एवढं मला माहीत होतं, पण ऑगस्टमध्ये खोर फक्कानला हवेबद्दल एकच वाक्य असतं आणि तेही कोणी पूर्ण करत नाही. मुलीला विचारलं, तुम्ही एकमेकींना भेटल्यावर काय म्हणता? ती म्हणाली, "नथिंग." तेही लिहून ठेवलं.

सकाळी ऑफिसात फोन करून उशिरा येते म्हणून कळवलं आणि कागद घेऊन समोर गेले. दार उघडंच होतं. बाळ टाहो फोडत होतं. सून त्याला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या घालत होती, एका हातात फोन, पाळणाघराचा असावा. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, हात पुढे केलेले आणि तसेच राहिलेले. मला बघून त्यांना हायसं वाटलं. मी चपला काढल्या आणि कागद त्यांच्या हातात दिला.

मावशींनी चष्मा लावला. वरून खालपर्यंत बोट फिरवलं. त्यांना किती कळलं देव जाणे, पण दुसरा रकाना लांब आहे आणि त्यात आपली सगळी वाक्यं आहेत, एवढं कळलं असावं. त्यांचा चेहरा पडला. कागदाची घडी करून त्यांनी तो फ्रिजवर ठेवला, 'फ्रिज' असं लेबल लावलेल्या फ्रिजवर, आणि सरळ सुनेपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"यू स्लीप," त्या म्हणाल्या. "बेबी विथ मी. खलास."

यातला 'यू' सोडला तर एकही शब्द मी शिकवला नव्हता. बेबीच्या ठिकाणी मी इन्फंट ठेवला होता, दवाखान्याच्या प्रकरणात. खलास, म्हणजे अरबीत 'बास', चाचांकडून आला असणार. आणि स्लीप तर क्रियापद, म्हणजे दुसरा महिना.

सून तशीच उभी राहिली. बाळ रडतच होतं. मावशींनी दुसरं काही विचारलं नाही. तिने फोन बंद केला. आधी बाळाचं डोकं, मग पाठ, असं सावकाश त्यांच्या हातात सोडलं, आत गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मावशींनी बाळाला छातीशी घेतलं, चालता चालता कोपराने एसीचं बटण खाली केलं आणि मला मानेनेच दाराकडे जायची खूण केली. मी चपला हातात घेऊन बाहेर आले. ऑफिसात जाऊन घरी परतले, चार वाजले, तरी समोरचं दार बंदच होतं. शिकवणी झाली नाही. नंतर इंजिनिअर म्हणाला, ती दिवसभर झोपली होती, अंधार पडल्यावर उठली आणि दोन वाट्या सूप प्यायली.

पाळणाघरात पैसे भरले नाहीत. तिकीटही काढलं नाही. तापासाठी फोनवर काय सांगायचं, तेवढी पाच-सहा वाक्यं सासूसुनेने आपसांत बसवली, मला न विचारता. एक मात्र मी ऐकलं: "हॉट. यू कम." व्याकरण बघवत नव्हतं, पण चाचणी म्हणून मावशींनी फोन केला तेव्हा सूनबाई गॅलरीतून धावत आत आली, म्हणजे संदेश पोचला.

शाळा उघडली त्या सकाळी मी लिफ्टची वाट बघत होते. समोरचं दार उघडून सून बाहेर आली, इस्त्रीचे कपडे, खांद्याला पिशवी, मोटारीची किल्ली हातात. मागे मावशी, बाळ खांद्यावर. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "व्हेअर यू गोइंग?" आणि त्यांनी लगेच माझ्याकडे बघितलं, नाही म्हणायच्या रकान्यातलं बोलल्यासारखं.

सुनेने बाळाच्या टाचेला बोट लावलं.

"जस्ट हिअर," ती म्हणाली आणि फुजैराला निघाली.

लिफ्टमध्ये मी तिला विचारणार होते, जेवायला काय घेतलंस. जीभ चावली आणि म्हणाले, आज ऊन फार आहे.