नव्याण्णव देश आणि मामांचा हरभरा

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. जवळा बाजारला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी माझ्याकडे येतात, आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मी तीनदा उठतो नि दोनदा चहा सांगतो. असा माणूस हॅम रेडिओच्या नादी कसा लागला, हे माझ्या बायकोला अजून उमगलेलं नाही. कारण त्यात करायचं काय, तर कानाला हेडफोन लावून तासन्‌तास कोणी बोलतंय का ते ऐकत बसायचं.

तसा हा छंद साधा आहे. सरकारी परीक्षा देऊन लायसन घ्यायचं, बांबूवर तार ताणायची आणि मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये जगाच्या दुसऱ्या टोकाच्या अनोळखी माणसाला हाक मारायची. त्यानं आपली खूण, म्हणजे लायसनवरची ठरलेली अक्षरं, ऐकली, आपण त्याची ऐकली, आवाज कसा येतोय ते एकमेकांना सांगितलं, की झाली भेट. मग ती वहीत लिहायची. वहीतली वेळ जगाच्या घड्याळाची असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. त्यामुळे माझ्या खोलीत दोन घड्याळं आहेत. "एक मानसाचं अन एक तुमचं," असं बायको म्हणते. या वहीचा एकच नियम आहे, खोटं लिहायचं नाही. तपासायला कोणी येत नाही, म्हणूनच लिहायचं नाही.

त्या वर्षी परदेशातल्या एका जुन्या रेडिओ मंडळाला पन्नास वर्षं होत होती. त्यांनी आव्हान दिलं होतं: वर्ष संपायच्या आत शंभर देशांशी बोला, तुमच्या नावाचं प्रमाणपत्र पाठवू. मी नांदेडच्या पुढे फारसा गेलेलो नाही. पासपोर्ट नाही, काढायचं कारणही नाही. दुकानात बसलेला एक जण हसत म्हणाला होता, "मिस्त्री, तुमाला हिंगोलीत कोनी वळखत न्हाई, परदेशात कोन वळखंल?" ते मला चांगलंच लागलं. मला ते प्रमाणपत्र हवं होतं, लेकराला जत्रेतली शिट्टी हवी असते तसं हवं होतं.

डिसेंबर सरत आला तेव्हा नव्याण्णव देश झाले होते. शंभरावा म्हणून मी कॅरिबियन समुद्रातलं एक बेट धरून बसलो होतो. तिथला एक ऑपरेटर रोज पहाटे त्याच्या सूर्योदयाला यायचा, आणि आपल्याकडे तेव्हा दिवस मावळत असतो. एका टोकाला उजाडत असलं आणि दुसऱ्या टोकाला मावळत असलं, की वीस-पंचवीस मिनिटं मधला रस्ता उघडतो. आणि नेमकं त्याच वेळी माझ्या कानात सुरू व्हायचं, टक्, टक्, टक्. दर सेकंदाला एक. त्याच्याखाली त्या बेटाचा आवाज मुंगीच्या चालीसारखा बारीक यायचा आणि मला अक्षरही लागायचं नाही.

मी वेड्यासारखा झालो. रेडिओ उघडला, परत लावला. तार उतरवली, परत ताणली. घरातला पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर सगळं बंद केलं, बायकोला अंधारात भाकरी करायला लावली. टक्‌टक्‌ तशीच. शेवटी तीस तारखेच्या संध्याकाळी खिशातला छोटा रेडिओ कानाला लावून आवाज वाढतो तिकडे बांधाबांधानं चालत निघालो.

"काय हुडकून राहिले मिस्त्री? पानी का?"

शेजारच्या शेतातले मामा होते. नात्यातले नाहीत, पण सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांची मेंढरं आहेत आणि आमच्या घराला लागून दोन एकर हरभरा असतो. हरभऱ्यावर रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप येतो, म्हणून शेताभोवती तार आणि तारेला दर सेकंदाला विजेचा झटका सोडणारं झटका मशीन. दिवस मावळला की मामा ते चालू करायचे. छोटा रेडिओ तारेजवळ नेला आणि टक्‌टक्‌ कानात मावेना. ते मशीन गेल्या वर्षी माझ्याच दुकानात आलं होतं. "जरा जोर वाढवून द्या," मामा म्हणाले होते, आणि मी हौसेनं वाढवून दिला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

मी मामांना सगळं सांगितलं. त्यांना बेट कळलं नाही, पण माझी तडफड कळली असावी.

"किती येळ बंद ठिवू?"

"अर्धा घंटा. फक्त उद्याच्या दिवस. माझं झालं की खिडकीतला बल्ब विझवतो. बल्ब विझला की तुमी मशीन चालू करा."

"बराबर," मामा म्हणाले.

एकतीस तारखेला पावणेसहालाच मी बसलो. टक्‌टक्‌ थांबली आणि रेडिओच्या पट्ट्यात अशी शांतता पसरली की मला हेडफोन बिघडला असं वाटलं. मग बेट आलं, स्पष्ट. मी हाक मारली. त्यानं दुसऱ्यालाच घेतलं. पुन्हा मारली, पुन्हा दुसरा. माझा पाय टेबलाखाली थाडथाड हलत होता. तिसऱ्यांदा त्यानं माझी अर्धी खूण पकडली आणि प्रश्नचिन्ह टाकलं. मी पूर्ण खूण दिली, दोनदा. आणि त्यानं ती परत पाठवली, अक्षर न्‌ अक्षर बरोबर. आवाज कसा येतोय ते दोघांनी सांगितलं, संपलं. जगाच्या घड्याळात बारा एकतीस झाले होते. मी वहीत लिहिलं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

तेव्हाच उठायला हवं होतं. बल्बचं बटण हाताच्या अंतरावर होतं. आयुष्यभर जो माणूस एका जागी दहा मिनिटं टिकला नाही, तो त्या दिवशी बसून राहिला. इतका स्वच्छ पट्टा मला महिनाभरात मिळाला नव्हता. जपान ऐकू आलं, घेतलं. वर्षभरात जपान नऊदा झालं होतं, तरी घेतलं. मग इटली. मग कोण ते आता आठवतही नाही. नुसती हाव.

बायकोनं येऊन माझ्या कानावरचा हेडफोन उचलला. "काहून ऐकू येईना तुमाला? रोही शिरले मामाच्या हरभऱ्यात."

बाहेर अंधारून आलं होतं. मामा घोंगडी फिरवत, पत्र्याचा डबा बडवत शेतात पळत होते. मीही पळालो. कळप बांध ओलांडून गेला तोवर पाव रान तुडवून झालं होतं, घाट्यांवर आलेला हरभरा जमिनीला लागला होता. मामा धापा टाकत कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मशीन बंदच होतं.

"लागला का तुमचा देश?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच लागला," मी म्हणालो.

"बरं झालं. अर्धा घंटा कवाच सरला व्हता, पन तुमचा बल्ब चालू दिसला. म्हनलं मिस्त्रीचं आजून चालू हाय, मधीच टकटक नको." आणि ते मशीन चालू करायला गेले.

प्रमाणपत्र उन्हाळ्यात आलं. मी ते दुकानात लावलं. मामा येईल त्याला ते दाखवायचे, "ह्याच्यात आमच्या मशीनचा बी हात हाय" म्हणायचे. मी तोवर उठून काहीतरी शोधायला मागे जायचो. एकदा ते म्हणाले, त्या देशाचं तुमच्या वहीत कुठं लिवलंय ते दाखवा. मी ओळीवर बोट ठेवलं. मामांना आकडे वाचता येतात.

"बारा एकतीस? भर दुपारी?"

"ते जगाचं घड्याळ आहे, मामा."

"आपल्या घड्याळात किती व्हतात?"

काहीही सांगता आलं असतं. वही समोर उघडी होती.

"सहा वाजून एक मिनिट," मी म्हणालो.

मामांनी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं, मग पुन्हा त्या ओळीकडे.

"मंग बल्ब?"

मी ओळीवरचं बोट काढून घेतलं. त्यांनी वही मिटली, माझ्याकडे सरकवली आणि बाजाराची पिशवी उचलून निघून गेले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

यंदाही त्यांचा हरभरा आहे. दिवस मावळतो, माझ्या कानात टक्‌टक्‌ सुरू होते, आणि तिच्याखाली ते बेट कोणाला तरी हाका मारत असतं. मी मशीन बंद करा म्हणत नाही. खिडकीतला बल्बही आता लावत नाही.