एकोणिसाव्या घराची सही

दुपारचे दोन वाजलेत. जेवण झालंय, पडवीत चटई टाकून मी डोळे मिटलेत. झोपलेली नाही, एवढं ध्यानात ठेवा. माणूस डोळे मिटून विचारही करतो.

उशाशी एक कागद आहे. उडू नये म्हणून त्यावर अडकित्ता ठेवलाय. उडून गेला तर सरपंचाला बरंच वाटेल, म्हणून जरा जपूनच ठेवलाय.

कागद भोंग्याचा आहे. टेकडीपलीकडे अणुवीज केंद्र उभं राहिलंय. भट्टी पेटवायच्या आधी तिथल्या बचावाच्या सगळ्या यंत्रांची परीक्षा घेतात म्हणे. आतल्या पंपांची परीक्षा आत, आणि भोंग्याची परीक्षा आमच्या कानांवर. आत काही बिघडलं तर बंदराच्या धक्क्यावर बसवलेला हा नवा भोंगा वाजणार, तो ऐकून आम्ही दारं-खिडक्या लावून घरात बसायचं. काल सकाळी अकराला तो वाजवला. आमच्या खालच्या पाखाडीत घरं एकोणीस. अठरा घरांनी 'ऐकू आला' या चौकटीखाली सही केली. एकोणिसावं घर माझं. मी अंगणात उभी होते. माझे कान शाबूत आहेत. सून माजघरात माझ्याबद्दल काय पुटपुटते तेसुद्धा मला चुलीपाशी ऐकू येतं. भोंगा मला ऐकू आला नाही.

चार वाजता तपासणीच्या आगवणेबाई कागद न्यायला यायच्या आहेत. सरपंच दिनानाथ सकाळीच दारात उभा राहून सांगून गेलाय, "काकू, तुमच्या एका सहीपायी सगळं अडेल. पोरांच्या नोकऱ्या त्या भट्टीवर आहेत."

मला काय कळत नाही? माझा नातू त्याच नोकऱ्यांच्या यादीत आहे.

कडक, कडक. कोणीतरी सुपारी कातरतंय.

मी डोळे उघडते, निदान तसं वाटतं तरी. पायरीवर हरबा बसलाय. माझा धाकटा दीर. एक्कावन्न वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला तो परत आला नाही, त्यामुळे बावीस वर्षांचाच राहिलाय. माझा अडकित्ता त्याच्या हातात आहे. डाव्या कानातून पाणी गळतंय, थेंब थेंब, माझ्या सारवलेल्या जमिनीवर.

"काय वहिनी, म्हातारी झालीस गो."

"तू झाला नाहीस, त्यात तुझं काय कर्तृत्व? आणि जमीन ओली करू नकोस, कालच सारवलीय."

तो हसतो. समोरचा दात अजून तसाच तुटका आहे, नारळ सोलताना तुटलेला.

"सगळ्यांना ऐकू आलं, तुलाच नाही आलं होय?"

"त्यांना घड्याळ ऐकू आलं. अकराला वाजणार म्हणून चार दिवस आधी दवंडी दिली. अकराला जो तो कान टवकारून बसला. वाऱ्याने पत्रा वाजला तरी म्हणाले, वाजला, वाजला. सकाळी वारा इथून दर्याकडे जातो. धक्का तिकडे, मध्ये टेकडी. आवाज येईल कुठून?"

"तू तर मोठी तपासणीवाली झालीस. चल, परीक्षा घेऊ."

"कुठे?"

तो उठून पुढे चालू लागतो. मी पायरी उतरते. पाय अंगणाला लागायला हवा, पण पायाखाली गार, पांढऱ्या फरशा आहेत. लांबच लांब बोळ, तालुक्याच्या दवाखान्यासारखा, फक्त वास सुक्या बांगड्यांचा. केंद्रात मी आयुष्यात गेलेले नाही. पण हे केंद्र आहे हे मला ठाऊक आहे, जसं झोपेत सगळं ठाऊक असतं.

एका टेबलाशी पिवळ्या टोपीचा माणूस बसलाय. त्याच्यामागे पंप, म्हशीएवढा.

"चालतो का हा?" मी विचारते.

"चालतो आजी. हे बघा." तो कागद पुढे करतो.

"कागदाने पाणी चढतं का रे? पंप चालू कर."

"काल चालवला होता."

"काल मी जेवलेही होते. तरी आज चूल पेटलीच ना?"

हरबा माझ्यामागे फिसकन हसतो. टोपीवाला उठतो, चाक फिरवतो. फरशी थरथरते. भिंतीवरच्या काचेच्या नळीत पाणी सरसरत वर चढतं. माणूस स्वतःच खूश होऊन बघत राहतो, जणू त्यालाही खात्री नव्हती.

"हां. आता लिही. आधी बघायचं, मग लिहायचं."

"हे तू सांगतेस?" हरबा म्हणतो. या वेळी तो हसत नाही.

त्याने पुढचा दरवाजा ढकललाय. आत आमची जुनी चूल आहे. धूर कोंडलाय. कोपऱ्यात वाकळ पांघरून माझे मालक, धाकू, हिवतापाने कुडकुडत पडलेत. ते धक्क्यावर पहारेकरी होते. रोज सकाळी आठला धक्क्यावरचा भोंगा वाजवून बघायचा आणि बंदराच्या वहीत तारखेपुढे 'वाजला' लिहायचं, हे त्यांचं काम. वादळाची तार आली की त्याच भोंग्याने होड्या माघारी बोलवायच्या.

चुलीपुढे पाटावर ती वही उघडी आहे. एक बाई पाठमोरी बसून पेन्सिलीने लिहितेय. मांडीवर तान्हं पोर. तिचा अंबाडा सैल झालाय. तिने मागे वळायची गरज नाही, ती पाठ माझी आहे.

तेव्हा मी तेवीस वर्षांची. दुसरी पास. साहेब शनिवारी वही बघायला येणार होता आणि आठवडाभर भोंगा कोणी वाजवलेलाच नव्हता. मालक म्हणाले, नोकरी जाईल. मी लिहिलं. सात तारखा, सात वेळा 'वाजला'. सुंदर अक्षरात. इतक्या सुंदर अक्षरात मी त्यानंतर काही लिहिलेलं नाही.

आठव्या दिवशी तार आली. मालक तापातच धावत गेले, दांडा ओढला. भोंग्यातून नुसती फूस निघाली. कुंभारमाशीने आत मातीचं घर बांधलं होतं. रोज वाजवला असता तर तिला बांधायला मिळालं नसतं. बाकीच्या होड्या आभाळ बघून फिरल्या. हरबाची खडकाआड होती, त्याला त्या फिरताना दिसल्या नाहीत.

"सही कर ना," हरबा माझ्या कानाशी म्हणतो. त्याच्या कानातलं पाणी माझ्या खांद्यावर पडतं, गार. "तुला सवय आहे. एक सही. नातवाची नोकरी लागेल. माझ्या वेळी सात वेळा लिहिलंस की."

आता रडावं, त्याचे पाय धरावेत, असं कोणालाही वाटेल. मी कमरेला पदर खोचते.

"लिहिलं. मी लिहिलं, मालकांनी नाही. एक्कावन्न वर्षं कोणाला सांगितलं नाही, आज तुला सांगते. माफी मागणार नाही. मागून तू उठून जेवायला बसणार आहेस का? पण दुसऱ्यांदा माझ्या हातून ते लिहून होणार नाही. तू सांगितलंस तरी नाही, सरपंचाने सांगितलं तरी नाही, आणि नातू रुसला तर रुसू दे."

"आणि सगळे म्हणाले, म्हातारी बहिरी आहे?"

"म्हणू देत. त्यांच्या पोराबाळांना ऐकू यायला हवं, म्हणून मी बहिरी."

तो माझ्याकडे बघत राहतो. आईने जेवायला वाढलं की तिच्याकडे बघायचा तसा, भाबडा.

"वहिनी, मी वाट बघत होतो गो. वाजेल म्हणून. जाळं हातात होतं. आभाळ काळं दिसत होतं, पण म्हटलं, भोंगा नाही, म्हणजे वेळ आहे."

जिभेवर एवढी वर्षं धार ठेवली, ती आज उपयोगाची नाही.

चूल नाही आता. आम्ही धक्क्यावर आहोत. पाणी शिशासारखं. भोंग्याचं कर्ण्यासारखं तोंड माझ्या चेहऱ्यासमोर आहे, तेव्हा होतं त्याहून मोठं, विहिरीच्या तोंडाएवढं.

"बोट घाल," हरबा म्हणतो. तो होडीत उभा आहे. होडी कधीच सुटलीय.

मी बोट घालते. आत घट्ट, वाळलेली माती. मी खरवडते. नख दुखतं, तरी खरवडते. मातीत भोकं आहेत, भोकांत काहीतरी गुणगुणतंय. होडी लहान होत चाललीय. मी दांडा ओढते. फूस.

"थांब रे!" मी ओरडते. "हरबा! माघारी फिर! हरबाऽ!"

भोंगा नाही वाजत. माझा गळा वाजतो.

"आई! अहो आई, काय झालं?" सून पडवीत उभी आहे, हाताला पीठ. "केवढ्याने ओरडलात! वरच्या आळीपर्यंत गेलं असेल."

"गेलं ना? मग त्या भोंग्याच्या जागी मलाच बसवा."

मी उठून बसते. अडकित्ता कागदावर जागच्या जागी आहे. उन्हं पायरीवर आलीत, आणि अंगणात आगवणेबाई चप्पल काढतायत. मागे दिनानाथ, त्याच्या हातात टोपण आधीच काढलेलं पेन.

"काकू, इथे," तो बोट ठेवतो. 'ऐकू आला'.

मी पेन घेते आणि शेजारच्या चौकटीत फुली मारते. 'ऐकू आला नाही.' खाली सही करते. दुसरी पास असले तरी सही माझी ठळक आहे.

दिनानाथचं तोंड उतरतं. "म्हणजे अठरा घरं खोटी, आणि तुम्ही एकट्या खऱ्या?"

"अठरा घरं खोटी नाहीत. ती घड्याळ बघत होती. खोटी मी आहे." सून माझ्याकडे बघते. मी तिच्याकडे बघत नाही. "बाई, बसा. जुन्या भोंग्याच्या वहीत सात दिवसांचं खोटं मी माझ्या हाताने लिहिलं होतं. आठव्या दिवशी माझा दीर बुडाला. तेव्हा काय लिहायचं ते मला कोणी शिकवू नका."

आगवणेबाई बसतात. वही काढतात, पण लिहीत नाहीत, ऐकतात. बरी बाई दिसते.

"मग काय करू या आजी?" त्या विचारतात.

"पुन्हा वाजवा. वेळ सांगू नका, दिवसही सांगू नका. लोक भांडी घासत असतील, भांडत असतील, तेव्हा वाजवा. आणि आधी कोणीतरी वर चढून त्याच्या तोंडात बघा."

त्या कागदावरची माझी फुली बघतात. मग बघतात ते माझा हात. मीही बघते.

सकाळपासून मी शेतात गेलेले नाही, चुलीला हात लावलेला नाही. जेवून हात धुतलेत. तरी उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या नखात वाळलेली तांबडी माती ठासून भरलीय, आणि सहीच्या शेजारी तिचा ठसा उमटलाय.

"पुसू का?" दिनानाथ रुमाल काढतो.

"हात लावून बघ," मी म्हणते.