पंचेचाळीसचा टप्पा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या मंडईत एका भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते. कोथिंबिरीची जुडी वरून हिरवीगार आणि आतून पिवळी, हे मी त्याला सोडून दाखवत होते आणि तो, "बाई, ही काय शाळा हाय का," म्हणून हसत होता. तेवढ्यात नांदेडहून वहिनींचा फोन. "इमलताई, ह्ये उठंनात..." एवढंच त्या म्हणाल्या. मग शेजारच्या कुणीतरी फोन घेतला आणि नीट सांगितलं. जेवण करून अण्णा पुढच्या खोलीत टेबलाशी बसला होता, उदगीरहून दुरुस्तीला आलेला एक रेकॉर्ड प्लेयर समोर उघडा होता, आणि बसल्या जागीच तो गेला. मी तशीच स्टँडवर जाऊन नांदेडची एसटी पकडली. ती पिवळी जुडी अजून आपल्या हातातच आहे, हे वाटेत लोहा गाव आल्यावर शेजारच्या बाईनं सांगितलं तेव्हा मला कळलं.

अण्णा म्हणजे भगवान, माझ्याहून दहा वर्षांनी थोरला भाऊ. टेलिफोन खात्यात खांबावर चढण्यापासून सुरुवात करून तो मेकॅनिक म्हणून रिटायर झाला. लोक रिटायर झाले की नातवंडं सांभाळतात, विहाराच्या कमिटीवर जातात. अण्णानं जुने रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करायला घेतले. पुढची खोली भरली, मग पलंगाखालची जागा भरली, मग वहिनींचं स्वयंपाकघरातलं ताटाळं गेलं, कारण रिठ्याच्या पाण्यानं धुतलेल्या रेकॉर्डी उभ्या वाळवायला त्याच्यासारखी दुसरी सोय नाही, असं त्याचं म्हणणं. देगलूर, उदगीर, निलंगा, कुठून कुठून लोक पेट्या घेऊन यायचे. किल्लारीच्या एका मास्तरांनी भूकंपाच्या ढिगाऱ्यातून निघालेला प्लेयर आणला होता. अण्णानं तो चालू करून दिला, आणि आतली माती फेकून न देता कागदाच्या पुडीत बांधून सोबत दिली. मास्तरांनी ती पुडी आधी खिशात ठेवली आणि मग प्लेयर उचलला, असं वहिनी सांगतात.

या कामात त्याचे जोडीदार म्हणजे खात्यातलेच हाफीजभाई. दोघांचं भांडण ठरलेलं असे ते वेगावरून. अण्णाकडं कागदाची एक गोल चकती होती, तिच्या कडेनं बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा. ती फिरत्या थाळीवर ठेवून विजेच्या दिव्याखाली बघायची. वेग बरोबर असला की रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात, कमी पडला की मागं सरकतात. हाफीजभाई म्हणायचे, "अण्णा, पब्लिक कू इत्ता कहाँ समजता, दे डालो." अण्णा देत नसे. "रेघ हलून राहिली," म्हणायचा, "म्हंजी आवाज खोटा." एरवी कुणालाही दुखवायला तयार नसलेला हा माणूस एका रेघेपायी गिऱ्हाइकाला चार चार चकरा मारायला लावायचा.

हे वेड कुठून आलं हे सांगायचं तर आमच्या बाबांबद्दल सांगायला हवं. आमचं गाव लोह्याजवळचं. बाबा नांदेडला गिरणीत कामाला होते, आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टी घेऊन गावोगाव जायचे. नव्यानं बौद्ध झालेली आमची माणसं जयंतीच्या मांडवात दाटीवाटीनं बसायची आणि बाबा पेटी वाजवत जागृतीची गाणी म्हणायचे. मुंबईच्या एका लहानशा कंपनीनं त्यांची दोन गाणी रेकॉर्डवर घेतली. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची छोटी तबकडी, प्रत्येक बाजूला एक गाणं. झांज वाजवायला बाबांनी अण्णाला सोबत नेलं होतं. रेकॉर्ड आली, बाबांनी हैदराबादहून एक वापरलेला प्लेयर आणला, आणि वर्षाच्या आत साध्या तापानं ते गेले. चौतीस वर्षांचे होते. अण्णा चौदा वर्षांचा, मी चार. मला बाबांचा चेहरा आठवतो तो फोटोतला आणि आवाज आठवतो तो रेकॉर्डमधला. त्याहून माझ्यापाशी काही नव्हतं.

आई ती रेकॉर्ड वर्षातून दोनदाच लावू द्यायची, जयंतीला आणि बाबांच्या स्मृतिदिनाला. काय आवाज होता तो! जड, खोल, संथ. या माणसाला कसली घाई नाही आणि कुणाची भीती नाही, असं वाटायचं. शाळेत कुणी पाण्याच्या टाकीपाशी काही बोललं, कुणी वहीला हात लावायला नको म्हणालं, की मी मनातल्या मनात तो आवाज लावायची आणि मान वर करून वर्गात जायची. पुढं मी मास्तरीण झाले, मुख्याध्यापिका झाले, भल्याभल्यांना टेबलासमोर उभं केलं... त्या सगळ्याच्या मागं तो आवाज होता.

अण्णाचा आवाज मात्र बारीक आणि किंचित नाकातला. एका जयंतीला पार्टीतल्या जुन्या माणसांनी त्याला आग्रहानं पेटीवर बसवलं. गाणं झाल्यावर एक म्हातारे म्हणाले, "बापाचाच गळा हाय पोराचा." मी तेव्हा बारा वर्षांची, दीडशहाणी. सगळ्यांदेखत म्हणाले, "कशाचा बाबांचा? घरी रेकॉर्ड हाय, येऊन ऐका. अण्णाचा आवाज बाबांवर गेलाच न्हाई." लोक हसले. अण्णाही हसला. त्यानंतर अण्णा मांडवात कधी गायला नाही. त्याला नुकती नोकरी लागली होती, वेळ मिळत नसेल असं मी समजले, आणि ते वाक्य पुढं कितीतरी वर्षं चेष्टेनं त्याला ऐकवत राहिले.

मग प्लेयर बंद पडला. आई गेल्यावर रेकॉर्ड माझ्याकडं आली आणि प्लेयर अण्णाकडं गोणपाटात बांधून राहिला. जगाच्या पेट्या दुरुस्त केल्यावर शेवटी एकदा त्यानं तो सोडून दुरुस्त केला आणि वैशाख पौर्णिमेला मला नांदेडला बोलावून घेतलं. मी रेकॉर्ड छातीशी धरून गेले. त्यानं सुई टेकवली, आणि कुणी भलताच माणूस गायला लागला. उंच, धारदार, पळत सुटलेला आवाज. मी उठून उभीच राहिले. "ह्ये बाबा न्हाईत."

"इमल, मशीन बरोबर हाय. रेघ बघ, हलून न्हाई राहिली."

"चुलीत घाल तुझी रेघ. मला माझ्या बाबांचा आवाज कळत न्हाई का?"

मग त्यानं हळूहळू सांगितलं. बाबा गेल्यावर मोटार कुरकुरायला लागली म्हणून आईनं तिच्यात करडीचं तेल सोडलं होतं. दुसरं तेल घरात कुठून असणार? ते वाळून डिंकासारखं चिकट झालं आणि थाळी सावकाश फिरायला लागली. थाळी सावकाश फिरली की आवाज खाली उतरतो, जड होतो. ते तेल त्यानं आता रॉकेलनं धुऊन काढलं होतं. "बाबा काळी दोनमधी म्हणायचे, लई वर. मी बाजूलाच झांज घेऊन होतो की गं," तो म्हणाला.

"म्हंजी माझे बाबा करडीच्या तेलातले होय?" असं म्हणून मी रेकॉर्ड पदरात गुंडाळली आणि विहारात गेलेल्या वहिनींनी माझ्यासाठी करून ठेवलेली खीर तशीच टाकून निघाले. आज कळतं, मी दुरुस्तीवर चिडलेच नव्हते. मला बाबा एकच होते, आणि ते कुणीतरी रॉकेलनं धुऊन काढले होते.

तीन आठवड्यांनी अण्णा लातूरला आला. एसटीत प्लेयर मांडीवर घेऊन, घामानं भिजलेला. "चुकलंच होतं माझं," दारातच म्हणाला. "मोटार जास्त पळून राहिली होती." रेकॉर्ड लावली आणि बाबा आले. तेच, जड आणि संथ... मी पोटभर रडले. डोळे पुसले आणि लगेच म्हणाले, "सांगितलं नव्हतं? चुका काढण्यात जन्म गेलाय माझा." अण्णा बशीत चहा ओतत म्हणाला, "तुझा कान लई तिखट हाय बाई." प्लेयर तो माझ्याकडंच ठेवून गेला. एवढ्या मोठ्या कारागिराची चूक मी नुसत्या कानानं कशी पकडली, हे मी त्यानंतर घरी येईल त्याला सांगत असे, खुद्द अण्णासमोरसुद्धा. तो मान हलवायचा.

अण्णाच्या स्मृतीसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी हाफीजभाई लातूरला लेकीकडं आले होते, ते माझी विचारपूस करायला आले. प्लेयरची सुई झिजून आवाज खरखरत होता. त्यांनी पिशवीतून नवी सुई काढून बसवली आणि सवयीनं रेघांची चकती थाळीवर ठेवली. रेघा मागं मागं सरकायला लागल्या. हाफीजभाईंचा चेहराच पडला. "अण्णा का काम और ऐसा? होच नै सकता." त्यांनी वेग बदलून तेहतीसवर लावला. रेघा जागच्या जागी. पुन्हा पंचेचाळीसवर आणला, पुन्हा मागं. मग त्यांनी थाळी उचलली. मोटारीच्या दांड्यावर पायऱ्यांसारखे टप्पे असतात, एकेका वेगाला एक. बाकीचे सगळे टप्पे जसेच्या तसे होते. पंचेचाळीसचा तेवढा कानशीनं घासून बारीक केलेला होता, थाळी सावकाश फिरावी इतकाच, अगदी मोजून.

"बाई, ये जानबूझ के किए उनो," हाफीजभाई म्हणाले आणि त्यांनी थाळीखालच्या लाकडावर बोट ठेवलं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्राच्या पोटात अण्णा पेन्सिलनं काय केलं ते लिहून ठेवायचा, हे मला तेव्हा कळलं. तिथं त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: "४५ चा टप्पा घासला. इमलच्या बाबांसाठी. कुणी सुधारू नये."

नवा दांडा आपल्याकडं आहे, पाच मिनिटांत बसवतो, असं हाफीजभाई म्हणत होते. मी नको म्हणाले. ते गेल्यावर मी थाळी पुन्हा उचलून ते अक्षर परत परत वाचलं. इमलच्या बाबांसाठी... मग त्याचे बाबा कुठले? ज्यांच्या शेजारी झांज घेऊन तो उभा होता, ते त्यानं एकट्यानं कुठं ठेवले होते?

गेल्या आठवड्यात रेकॉर्ड घेऊन नांदेडला गेले. वहिनी आत तांदूळ निवडत होत्या. पुढच्या खोलीत अण्णाचा स्वतःचा प्लेयर होता. मी रेकॉर्ड लावली. तोच उंच, धारदार आवाज. या वेळी मी उठले नाही. पहिलं कडवं संपायच्या आत मला कळलं की हा आवाज मी जन्मभर ऐकत आले आहे. बारीक, किंचित नाकातला, ओळ संपताना श्वासाची जराशी घाई करणारा. मला सायकलवर बसवून शाळेत सोडणारा, माझ्या नेमणुकीचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवणारा, "चुकलंच होतं माझं" म्हणणारा आवाज. मांडवातल्या त्या म्हाताऱ्यांचं खरं होतं. खोटं मी बोलले होते, तेही पुराव्यानिशी.

मागं काही तरी सांडल्याचा आवाज झाला. वहिनी दारात उभ्या होत्या, हातातलं सूप कलंडून तांदूळ उंबऱ्यावर पसरला होता. "ह्यांचं गाणं तुमच्याकडं कुठून आलं?"

"वहिनी, ह्ये बाबा हायत. तुमचे सासरे. ती जुनी रेकॉर्ड..."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आंघोळीला गेले की ह्येच म्हणायचे. रोज. असंच. तुम्ही आलात की तेवढं म्हणायचे न्हाईत." मग त्या पुढं येऊन अण्णाच्या खुर्चीत बसल्या, पेटीकडं बघत. "मला माझ्या नवऱ्याचा आवाज कळत न्हाई का, इमलताई?"

मुंबईची कंपनी, चौतीस वर्षांचे बाबा, सगळं माझ्या ओठावर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हणाले, "हाव वहिनी. अण्णाच हाय."

माझ्याकडचा प्लेयर मी होता तसाच ठेवला आहे. रेकॉर्ड मात्र नांदेडला वहिनींकडं ठेवून आले. त्या ती रोज सकाळी एकदा लावतात, अण्णाच्या आंघोळीच्या वेळेला.