अडीच फुटांवर सोडलेला खड्डा

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. आईला तर नाहीच. पाच वर्षं झाली — आणि आजही समोर ओळखीचं कुणी बसलेलं असतं तर मी विषय बदलला असता. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतंय. बघू.

मी वायरमन आहे. पालीच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, सुर्वेसाहेबांचा गोठा आहे. साहेब जन्मभर जहाजावर इंजिनिअर होते. एकदा हॉलंडच्या बंदरात बोट लागली असताना कुणीतरी त्यांना एका गोठ्यात नेलं, आणि तिथे त्यांनी दूध काढणारं यंत्र पाहिलं. गाय आपल्या मनाने लोखंडी पिंजऱ्यात शिरते, तोंडापुढे खुराक पडतो, खालून यंत्राचा हात येतो, सड शोधतो, नळ्या लावतो. दूध झालं की फाटक उघडतं आणि गाय चालू लागते. ना बादली, ना माणूस. निवृत्त झाल्यावर साहेबांनी तसलंच यंत्र इथे आणलं.

त्याआधी त्यांच्या तीसेक गायी सुमनकाकी सांभाळायची. दोन गडी होते हाताखाली, पण धारेला बसावं तर काकीनेच. सुमनकाकी आमच्या वाडीतली. आमच्या घरापासून तिचं घर चौथं. नवरा लवकर गेला, मुलगी दिली चिपळूणला. गोठा हेच तिचं सगळं होतं. कुठल्या गाईला धार काढताना मान खाजवून हवी असते, कुठलीला डाव्या बाजूने गेलेलं चालत नाही, हे तिला माहीत. यंत्र येणार म्हटल्यावर तिला वाटलं, आपलं काम संपलं. पण साहेब म्हणाले, गाई यंत्राला सरावायला हव्यात, ते तुझ्याशिवाय कोण करणार?

आणि वायरिंगचं काम मला मिळालं ते तिच्यामुळे. साहेब रत्नागिरीतला मोठा कॉन्ट्रॅक्टर बघत होते. काकी म्हणाली, आमच्या वाडीतला मंगेश आहे, कामात चोख आहे.

चोख!

आता अर्थिंग म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. यंत्राच्या लोखंडात थोडा करंट सुटतो. तो कुणाला लागू नये म्हणून तारेने जमिनीत नेऊन जिरवायचा. त्यासाठी खड्डा लागतो, आठ फूट खोल. तळाशी पत्रा, वर कोळसा आणि मीठ. आमच्याकडे मात्र फूटभर मातीखाली जांभा दगड लागतो. पहारीने दिवसाला वीतभरसुद्धा जात नाही. अडीच फुटांवर मी थांबलो. दगड फोडायचा ब्रेकर आणायचा तर दोन दिवस जाणार, आणि शिमगा तोंडावर आला होता. आमच्या वाडीची पालखी निघणार होती, खांदा द्यायचा पहिला मान आमच्या घराचा. मी पत्रा अडीच फुटांवर ठेवला, कोळसा-मीठ टाकलं, वर सिमेंटचं झाकण बसवलं आणि ब्रशने नीट अक्षरात लिहिलं — अर्थिंग. तपासणीच्या आदल्या दिवशी चार बादल्या मिठाचं पाणी ओतलं. ओल्या खड्ड्यात करंट नीट जिरतो, मीटरवर माप बरोबर येतं. आलं.

साहेबांनी विचारलं, “आठ फूट?”

“आठ फूट,” मी म्हणालो. आणि पालखीला गेलो. नाचवली पालखी. खूप नाचवली.

सुरुवातीला गाई छान सरावल्या. काकी एकेकीला पिंजऱ्यापर्यंत न्यायची, खुराक दाखवायची, बोलत राहायची. महिन्याभरात अर्ध्याअधिक गाई आपसूक रांगेत उभ्या राहायला लागल्या. काकीला कौतुक वाटायचं. चांदी नावाची एक पांढरी गाय होती, ती तर दिवसातून चार-चारदा जायची, खुराकाच्या लोभाने. यंत्र तिला दूध न काढताच बाहेर सोडायचं आणि काकी पोट धरून हसायची.

मग चैत्र संपला. जमीन तापली. तो खड्डा आतून कोरडा ठणठणीत झाला असणार.

गाई फाटकाशी अडायला लागल्या. पुढचे दोन पाय आत टाकायच्या आणि मागे सरायच्या. आत गेल्या तर सारखे पाय उचलायच्या, नळ्या लाथेने उडवायच्या, जागीच शेण टाकायच्या. पान्हा सोडेनात. एकदा ट्यूबलाइट बदलायला गेलो होतो, तेव्हा काकी मला हाताला धरून पाण्याच्या भांड्यापाशी घेऊन गेली. तेही लोखंडी, यंत्राला लागून. चांदी पाण्याला जीभ लावत होती आणि झटकन मागे घेत होती. मांजरासारखी.

“मंगेश, तुझं लायटीचं काम एकदा बग रे. जनावर उगाच नाय भ्यायचं.”

“काकी, तुला काय कळतंय त्यातलं,” मी म्हणालो.

तिला खरंच वाटलं की आपल्याला कळत नाही.

ती आत गेल्यावर मी चप्पल काढली. ओल्या फरशीवर पाय ठेवला आणि हाताची मागची बाजू पिंजऱ्याला टेकवली. मुंगी चावावी तसं लागलं. इतकंच. माणूस म्हणेल, ह्यात काय एवढं? पण गाय चार पायांवर ओल्यात उभी असते आणि तिच्या ओल्या सडांना यंत्र लागलेलं असतं. आणि तिला बोलता येत नाही. काकीला ते कधीच लागलं नसतं — साहेबांच्या नियमाप्रमाणे ती दिवसभर रबरी बूट घालून असायची.

मला त्या क्षणी कळलं. नंतर नाही, हळूहळू नाही — त्याच क्षणी. मी चप्पल घातली, ट्यूब बसवली आणि घरी गेलो.

का? ब्रेकर आणून खड्डा खोल केला असता तर साहेबांनी विचारलं असतं, आठ फुटांचा खड्डा परत का खणतोस? तेवढ्या एका प्रश्नाला मी भ्यालो. दुसरं काहीही नव्हतं.

पुढचे तीन आठवडे गाईंनी काढले. दूध कासेत राहायचं. चांदीची कास दगडासारखी सुजली, ताप भरला. काकी गरम पाण्याने शेकत तिच्याजवळ बसून असायची. गाय वाचली, पण एक सड कायमचा गेला. यंत्र रोज पडद्यावर लाल अक्षरात दाखवायचं, अमुक गाय आली नाही, तमुक आली नाही. साहेब म्हणायचे, आणा त्यांना. मग काकी त्यांना ढकलत न्यायची. हाताने जाईनात तेव्हा तिने काठी घेतली. मारायची नाही, पाठीला टेकवून रेटायची. जिने आयुष्यात गुराला काठी लावली नव्हती, तिच्या हातात ती मी दिली. ह्याला दुसरं काय म्हणू?

शेवटी कंपनीचा माणूस आला. यंत्राचा हात, नळ्या, पंप सगळं तपासलं, सगळं ठीक. मग गोठ्यातल्या कॅमेऱ्यात साठलेलं चित्रण बघितलं. त्यात काकी काठीने चांदीला पिंजऱ्यात रेटताना दिसली. तो म्हणाला, गाईंना इथे कुणाचा तरी धाक बसलाय. गाय मार विसरत नाही.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. साहेब वाईट माणूस नाही. त्यांना खरं काय ते हवं होतं.

“मंगेश, वायरिंग, अर्थिंग, सगळं नीट आहे ना?”

“एकदम ओके, साहेब.”

“मग काय असेल? तू तिच्या वाडीतला. लहानपणापासून बघतोयस तिला. मारत असेल ती?”

इथे थांबतो जरा. “नाही” म्हणायला किती वेळ लागतो? अर्थिंगचं लपवूनसुद्धा मी नाही म्हणू शकलो असतो. काकी असं करणार नाही, एवढंच. मी खाली बघितलं आणि म्हणालो, “तशी तापट आहे ती थोडी.”

काकी तापट नव्हती. मी लहान असताना तिच्या वासराच्या शेपटीला डबा बांधला होता, तेव्हाही ती मला ओरडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. ती भांडली नाही. बूट धुऊन दारात उलटे ठेवले आणि चालत घरी आली.

चार दिवसांनी मी पावसाआधीची तपासणी म्हणून ब्रेकर घेऊन गेलो. साहेबांनी काहीच विचारलं नाही. ज्या प्रश्नाला मी भीत होतो तो कुणी विचारलाच नाही. आठ फूट पुरे खणले. आठवड्याभरात गाई फाटकाशी अडायच्या थांबल्या. पंधरा दिवसांत रांग लागायला लागली. चांदीसुद्धा गेली, तीन सडांनिशी.

आणि सगळ्यांना पुरावा मिळाला. बाई गेली आणि गाई शांत झाल्या — साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. पालीच्या बाजारात सांगितलं गेलं, वाडीत आलं. मी चूक दुरुस्त केली, आणि त्याच दुरुस्तीने तिच्यावर शिक्का बसला. हे खणताना मला कळत होतं का? कळत होतं. गाई सुटाव्यात असं मनापासून वाटत होतं, हे खरं. पण काकी परत यावी म्हणून मी एक शब्द बोललो नाही, हेही खरं.

नंतर तिला कुणी गुरांच्या कामाला बोलावलं नाही. ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायला लागली. टरफलातल्या तेलाने बोटं काळी पडली, सोलवटली.

गेल्या गणपतीत तिच्याकडे गेलो होतो. आरासीला लायटिंगच्या माळा लावून द्यायच्या होत्या, दरवर्षी मीच लावतो. ती चहा घेऊन आली. पलीकडे शेजाऱ्यांची गाय बांधलेली होती, तिच्याकडे बघत बसली. मग स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत म्हणाली, “मी खूप इचार केला रे. माझाच हात जड झाला आसंल. आपल्याला वाटतं हळू लागला, पन त्या मुक्या जीवाला लागत आसंल. नायतर त्या मला एवढ्या कशाला भ्यायच्या?”

माझं तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं.

“वय होतं काकी,” मी म्हणालो. “हात पूर्वीसारखा राहत नाही.”

तिने मान हलवली. पटलं तिला.

मी चहा संपवला, बटण दाबून माळ लागते का ते तिला दाखवलं आणि निघालो. ती अजून आहे. आमच्या घरापासून चौथं घर. रोज सकाळी मी तिच्या अंगणावरून कामाला जातो आणि ती विचारते, निघालास का रे. मी हो म्हणतो.