खामगाव ते देऊळघाट : न दिसणाऱ्या धगीच्या बारा दीर्घिका

दहा इंच व्यासाचा आरसा, सात महिने हातानं घासलेला. तो घासायला सिमेंट आणि फरशीच्या तुकड्यांची थाळी. आरशाची खोली तपासायचं यंत्र, म्हणजे दाढीचं पातं, टॉर्चचा बल्ब आणि चॉकलेटच्या चांदीला सुईनं पाडलेलं एक भोक. सव्वाचार फुटांची नळी, जिनिंगमध्ये कापूस ओढणाऱ्या पत्र्याच्या पाइपच्या टाकाऊ तुकड्याची. बाभळीच्या फळ्यांची फिरती बैठक. पंपाच्या जुन्या पितळी बुशातून लेथवर काढलेला, चित्र स्पष्ट करायचा फोकसर. लाल पतंगी कागद लावलेली बॅटरी. ही माझी दुर्बीण; एवढं सगळं मी स्वतःच्या हातानं केलं. आरशावरचा चकचकीत मुलामा मुंबईहून करून आणला आणि डोळा लावायची भिंगं, म्हणजे दोन आयपीस, विकत घेतले, तेही सांगून टाकतो. जे माझं नाही ते माझं म्हणायची सवय मला नाही.

मी खामगावच्या एका जिनिंगमध्ये फिटर. शिक्षण दहावी, वय सत्तेचाळीस. आकाशाचं जे काही येतं ते रद्दीतल्या पुस्तकांतून आणि नंतर सायबर कॅफेतून.

आता सहल कशासाठी ते. अवकाशात सोडलेल्या एका दुर्बिणीनं सगळ्या आकाशाची उष्णता मोजली होती. म्हणजे अवरक्त किरण, डोळ्याला न दिसणारे. त्यात काही दीर्घिका अशा निघाल्या की डोळ्याला फिक्या, पण उष्णतेत सगळ्यांत तेजस्वी. त्यांच्यात धूळच इतकी, की नव्या ताऱ्यांचा उजेड धूळ पिऊन टाकते, तापते आणि नुसती धग बाहेर सोडते. धग माझ्या दुर्बिणीत दिसत नाही, पण धुळीतून गळणारा उरलासुरला उजेड दिसतो. आपल्या जिल्ह्यातून आणि दहा इंचांत येतील अशा बारा मी निवडल्या. जानेवारीच्या अखेरीस अमावास्येला त्या बाराही एका रात्रीत, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, ओळीनं वर येतात.

शहरातल्या एका हौशी मंडळाच्या गृहस्थांना मी फोनवर ही यादी वाचून दाखवली. शेवटचं नाव ऐकून ते हसले. "आयसी ४५५३? घरी घासलेल्या आरशातून? अहो, दिसल्यासारखं वाटेल तुम्हाला."

त्या 'वाटेल'साठी मी निघालो.

जिनिंगच्या ऐन हंगामात तीन दिवसांची रजा म्हणजे मालकाचं तोंड वाकडं. शेजाऱ्याचा छोटा हत्ती टेम्पो मिळाला, तोही तीनच दिवसांसाठी. म्हणजे दोन रात्री. त्यांत बारा झाल्या नाहीत तर पुढच्या जानेवारीपर्यंत गप्प बसायचं.

बायको मंदा म्हणाली, "मी येते. घरी बसून काळजी करण्यापरीस थंडीत कुडकुडलेली बरी."

मंदाचं काम मोठं आहे. आमची एक अट आहे. नकाशा तिच्याजवळ, शालीत. मी आयपीसमध्ये बघायचं आणि डाग कुठल्या ताऱ्यांच्या कुठल्या बाजूला दिसला ते वहीत काढायचं. मग ती नकाशाशी ताडून पाहणार. जुळलं तरच 'पाहिली' असं लिहायचं. नवरा म्हणून एकदाही सूट मिळालेली नाही.

पहिला दिवस : चिखलीमार्गे देऊळगाव राजा

सकाळी आठला निघालो. चिखलीपर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा. आरसा गादीत गुंडाळून मंदाच्या मांडीवर. चिखलीला चहा, पोहे, दोघांचे मिळून बावीस रुपये, आणि गाडीभोवती ही गर्दी.

"तोफ हाय का हो?"

"बोअरचा पाइप असन बे."

"पाइपाले झाकन कायले लागते?"

त्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस पुढे आला. कपाशीच्या बियाण्याच्या एका कंपनीचा प्रतिनिधी, त्याच्या जीपवर नारळाएवढ्या बोंडांचं चित्र. मी त्याला दीर्घिका, धूळ, धग, सगळं नीट समजावलं. त्यानं दोनच प्रश्न विचारले. "एका वेळी किती जण बघू शकतात?" मी म्हटलं, एक. "आणि गावात गर्दी किती जमते?" प्रश्न मला जरा विचित्र वाटला. त्यानं माझा पत्ता लिहून घेतला.

देऊळगाव राजाला लॉजमध्ये दुपारी झोप काढली. ज्यांना अशी सहल करायची आहे त्यांनी ती झोप चुकवू नये. दुसरी सूचना : भारनियमनाचं वेळापत्रक ऑफिसच्या फळ्यावर बघू नका, लाइनमनला विचारा. लोक भारनियमनाला शिव्या घालतात, मीही घालतो, पण आकाश बघणाऱ्याला त्याच्याइतका काळोख दुसरं कोणी देत नाही. लाइनमन म्हणाला, रात्री नऊपासून अंधार. बरोबर नऊलाच झाला.

गावाबाहेर मोकळ्या माळावर दुर्बीण लावली. पहिली, एनजीसी २५३, पश्चिमेला कलण्याआधी साडेसातलाच पकडली होती. लांबट, भुरकट, मधोमध धुळीचे खरबरीत डाग. मग एम ७७. मग एकेक. एम ८२ तर अशी दिसली, जशी राखेतून काढलेली काडी, मध्ये तुटलेली. मंदा लाल उजेडात वही धरून, "जुळलं... जुळलं... याच्यात चांदनी उलट्या बाजूले काढली, पुन्हा पाहा."

दोनपर्यंत नऊ झाल्या. उरल्या त्या तीन पहाटेच्या. आणि तीनला ओलवलेल्या गव्हातून धुकं उठलं. पंधरा मिनिटांत आरशावर दव. संपलं.

दुसरा दिवस : बुलढाणा, देऊळघाट

परत चिखली, मग बुलढाणा, तिथून थोडं पुढे देऊळघाट. इथे सलीमभाई. माणूस गाद्या-रजया भरतो आणि चार एकर कपाशी करतो. गाद्यांसाठी आमच्या जिनिंगमधून उडती रुई नेता नेता वीस वर्षांची दोस्ती झाली. घरामागची जागा उंच, दक्षिणेला मोकळी, ओलिताचं शेत लांब. धुक्याची भीती नाही. लाइनमनचा हिशेब : पंपांची लाइट रात्री बारा ते चार, गावाचे दिवेही तेव्हा चालू, चारनंतर सगळं बंद. म्हणजे चार ते पावणेसहा. पावणेदोन तासांत तीन दीर्घिका. मला पुरे होतं.

संध्याकाळी ज्वारीची भाकर आणि अंड्याचं कालवण, रझियाभाभींच्या हातचं. पैशाचं नाव काढल्यावर भाभी रागावल्या, म्हणून इथला खर्च लिहीत नाही.

बाहेरची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली. अठरा क्विंटल.

"विकला काऊन नाही?" मी विचारलं.

"भाव पाह्यला का, मिस्त्री? बियान्याच्या पाकिटाले जे पैसे मोजले त्यात बोंडअळी नाही आली, कबूल. पन लाल्या रोग आला ना. पानं अशी लाल झाली, जशी लग्नाले निघाली. आता हाये तो कापूस मातीमोल काऊन देऊ? थांबतो म्हटलं." मग हसून म्हणाला, "माझं जाऊ द्या. तुमी रातभर काय पाह्यता ते तं सांगा. जे दिसतच नाही, ते पाहाले आले म्हन्ते वहिनी."

मला उपमा सापडली. म्हटलं, "जिनिंगमध्ये कापसाची गंजी आतून धुमसते तेव्हा धूर दिसतो का? ज्वाळा दिसते? वरून पांढरीशुभ्र. पण आत हात घातला की कळतं. तसंच. ही दीर्घिका म्हणजे गंजी समज, आणि आभाळात सोडलेली ती उष्णता मोजणारी दुर्बीण म्हणजे हात." आणि दाखवायला म्हणून मी त्या ढिगात खांद्यापर्यंत हात खुपसला.

हात तसाच आत राहिला.

"काय झालं?" मंदा म्हणाली.

"सलीमभाई, शेवटचा वेचलेला कापूस कधी टाकला यात?"

"चार-पाच रोज झाले. सकायचा वेचा व्हता."

"दवातला?"

त्यानंही हात घातला आणि झटक्यात काढला. "या अल्ला. हे तं तव्यावानी."

आग नव्हती, पण दवाची ओल आत कोंडून कापूस तापला होता, आगीच्या वाटेवर होता. तसंच राहिलं असतं तर पेट घेतला असता, आणि नसता घेतला तरी सरकी आतून कुजून कापूस पिवळा पडला असता. असा कापूस आमच्याच जिनिंगच्या फाटकावरून परत पाठवतात. उपाय एकच : बाहेर काढा, पसरा, हवा द्या. आणि वरून उपसायचं नाही, जिथे धग आहे तिथपर्यंत कडेकडेनं यायचं; एकदम तोंड उघडलं की वारा आत शिरतो. हे मी पोटासाठी शिकलो आहे.

नऊला सुरुवात केली. सलीमभाई, भाभी, मंदा, मी, शेजारचे तिघं. गाठोडी बांधायची, परसात ताडपत्रीवर पसरायची. अकराला मंदा हळूच म्हणाली, "तुमी झोपा दोन घंटे. पहाटे डोळे नाही उघडले तं वर्ष जाईल."

"आणि इथं कोण दाखवणार कुठून उपसायचं ते?"

तिनं पदर खोचून पुढचं गाठोडं उचललं.

साडेतीनला खोलीची जमीन दिसली. मधला दोन पोत्यांएवढा कापूस पिवळा पडला होता, तेवढाच. बाकी सगळा वाचला. सलीमभाई उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "मिस्त्री, तुमचं आभाळ ऱ्हायलं ना."

"आभाळ चारला उघडतं," मी म्हटलं.

चारला दिवे गेले.

परसात दुर्बीण लावली. रझियाभाभींनी नवीन रजई आणून माझ्या डोक्यावर टाकली, आयपीससकट. परसातला पांढरा कापूस नजरेआड झाला. आत पूर्ण काळोख, नव्या रुईचा वास. सव्वाचारला एम ८३, चकतीसारखी, सोपी. जुळली. मग दक्षिणेला क्षितिजाजवळ आधी ओमेगा सेंटॉरीचा ताऱ्यांचा पुंजका धरला, आणि तिथून उजवीकडे सरकत एनजीसी ४९४५. धुरकट, लांब सुरीसारखी. इतक्या खाली! पाच वाजून दहा मिनिटं. जुळली. अकरा.

आयसी ४५५३. तिचा उजेड पंचवीस कोटी वर्षं चालत आलेला. तारे शोधले, जागा धरली, बघितलं, काढलं.

मंदानं बराच वेळ ताडून पाहिलं. "नाही."

"नाही म्हणजे?"

"तुमी दोन चांदण्यांच्या मधात काढलं. नकाशात ते वर हाये. नाही जुळत."

मला राग आला. तिचा नाही, त्या फोनवरच्या 'वाटेल'चा. तसंच झालं होतं : दिसल्यासारखं वाटलं होतं. डोळे चुरचुरत होते. रात्रभराची बारीक रुई आत गेलेली. रांजणातल्या गार पाण्यानं डोळे धुतले, पुसले नाहीत, नुसते मिटून शंभर आकडे मोजले. साडेपाच. पुन्हा रजईत.

नजर जागेवर रोखायची नाही, जरा बाजूला ठेवायची. नळीला बोटानं टिचकी मारायची. थरथरलं की फिकट वस्तू डोळ्याला कळते. एक टिचकी. दोन. तिसरीला ते आलं. आधीच्या जागी नाही. वर. ताऱ्यासारखं टोकदार नाही, काचेवर श्वास पडल्यासारखं. गेलं. पुन्हा आलं, तिथेच. चार वेळा तिथेच.

काढलं. वही बाहेर दिली. रजईतच थांबलो.

लाल उजेड वहीवरून नकाशावर, नकाशावरून वहीवर फिरला. मग मंदा म्हणाली, "बारा."

एवढंच. पण सत्तेचाळीस वर्षांत मला कोणी इतके मोठे गुण दिले नव्हते. मी परसात दोन्ही हात वर करून ओरडलो, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

सलीमभाईला म्हटलं, ये, बघ. त्यानं पाच मिनिटं डोळा लावला. मी टिचक्या मारत होतो. शेवटी बाहेर येऊन म्हणाला, "मले नाही दिसलं, मिस्त्री. खोटं काऊन बोलू? पन तुमाले दिसलं, अन् तुमचा हात चुकत नाही, हे रातीच पाह्यलं."

तिसरा दिवस, आणि नंतर

बोथ्याच्या घाटातून, जंगलाच्या रस्त्यानं परत आलो. हा रस्ता दिवसाच करा. तीन दिवसांचा सगळा खर्च, डिझेल धरून, अकराशे चाळीस. सलीमभाईचा कापूस महिन्याभरानं आमच्याच जिनिंगला आला. मी स्वतः फाटकावर उभा होतो. पांढरा. भाव त्याला पाहिजे होता तितका नाही मिळाला, पण परत कोणी पाठवला नाही.

मंडळाच्या गृहस्थांना बारा चित्रांच्या प्रती पाठवल्या, आणि ते पहिलं चुकलेलंही, 'नाही' असा मंदाचा शेरा असलेलं. त्यांचं पत्र आलं. लिहिलं होतं, चुकलेलं चित्र पाहून बाराव्यावर विश्वास बसला. मी ते पत्र फ्रेम केलं आहे. फ्रेमही मीच केली.

मार्चमध्ये चिखलीचा तो इस्त्रीचा शर्ट घरी आला. त्याचं म्हणणं : पेरणीआधी गावोगाव दुर्बीण न्यायची. नळीवर पाकिटाचं चित्र रंगवायचं. आधी आकाश, मग बियाण्याचं भाषण. मी म्हटलं, उन्हाळ्याच्या धुरळ्यात यातलं काही दिसणार नाही.

"दिसायला कशाला पाहिजे?" तो म्हणाला. "रांगेत उभा राहिलेला माणूस डोळा लावतो आणि दिसलं म्हणतो. मागच्यालाही मग दिसतं. आपल्याला रांग पाहिजे."

मला परसातला सलीमभाई आठवला, रात्रभर गाठोडी वाहून थकलेला, पाच मिनिटं डोळा लावून 'नाही दिसलं' म्हणणारा. मंदा आतून चहा घेऊन आली, माझ्याकडे बघत उभी राहिली. नकाशाशिवाय ताडून बघत होती.

मी नाही म्हणालो. चहा मात्र पाजला.

त्यानं देऊ केलेले : एका हंगामाचे पंच्याऐंशी हजार रुपये, डिझेल वेगळं.